पाणी मुरते कुठे?

कोकणात कौलारू घरांच्या दिवसांत वैशाख हा शाकारणीचा महिना असे. नळ्यांची कौले एकेक करून उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा हाताने दाबून पाहायच्या, कुजलेल्या बदलायच्या आणि मृगाच्या आत छप्पर पुन्हा चढवायचे. माकडांनी नासधूस केलेली असो वा नसो, गेल्या पावसात घर गळलेले असो वा नसो, हे काम दरसाल ठरलेले. १८६५मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला आणि एकमेकांत खाचेने अडकणारी मंगलोरी कौले घरांवर आली, तेव्हा या खटाटोपातून बरीच सुटका झाली. पुढे सिमेंटचा स्लॅब आला आणि शाकारणी हा शब्दच बोलण्यातून गेला.

शब्द गेला तसे कामही गेले. स्लॅब म्हणजे कायमचे छप्पर, त्याला दरवर्षी काही करावे लागत नाही, हा समज स्लॅबबरोबरच घरात शिरला. मग वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या जुलैत दिवाणखान्याच्या छतावर पिवळसर डाग उमटतो, त्याचा नकाशा होतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. शहरांतल्या फ्लॅटमधल्या भांडणांपैकी किती भांडणे पाण्यावरून होतात, हे कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे. त्यातही नळाला न येणाऱ्या पाण्याइतकीच भिंतीतून नको तिथे येणाऱ्या पाण्यावरूनही होतात.

काँक्रीट दगड नव्हे

सिमेंट काँक्रीट दिसायला दगडासारखे असले तरी आतून ते सच्छिद्र असते. सिमेंटची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला जेवढे पाणी लागते, त्याहून बरेच जास्त पाणी माल कालवताना घातले जाते, कारण सैल माल पसरायला सोपा जातो. ते जादा पाणी उडून गेले की त्याच्या जागी केसाहून बारीक नळ्यांचे जाळे मागे राहते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने या नळ्यांतून पाणी ओढले जाते. वर, खाली, आडवे, कसेही. म्हणून गळतीचा डाग जिथे दिसतो तिथेच वर भेग असेल असे मुळीच नाही. पाणी शिरते एका टोकाला, सळईच्या किंवा पाइपाच्या कडेकडेने प्रवास करते आणि सापडेल त्या सांध्यातून खाली उतरते.

नुसती ओल असती तर ती दिसायला वाईट, एवढाच प्रश्न होता. खरा धोका सळयांना असतो. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. या वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ आणि घट्ट थर तयार होतो आणि तोच सळईला गंजण्यापासून वाचवतो. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची क्रिया होते आणि सामू ९च्या खाली घसरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते पृष्ठभागाकडून आत सरकत जाते, पण वेग सारखा राहत नाही. ढोबळमानाने दुप्पट खोली गाठायला चौपट वर्षे लागतात. जुन्या इमारतींत स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचे आवरण जेमतेम १५ ते २० मिलिमीटर असते. हा थर ओलांडून कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचले की संरक्षण संपते.

संरचनेची तपासणी करणारे अभियंते काँक्रीटचा छोटा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात ते याचसाठी. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्काच्या प्रयोगाला वापरायचे तेच हे रसायन. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होते, कार्बोनेशन झालेला भाग रंगच बदलत नाही. रंगहीन पट्टा सळईपर्यंत गेलेला दिसला की पुढचे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही संरक्षण संपले म्हणजे सळई लगेच गंजते असे नाही. गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही हवेत. कोरड्या काँक्रीटमध्ये पाणी नसते. सतत पाण्याखाली असलेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू फारसा पोहोचत नाही. सर्वांत वाईट म्हणजे भिजणे आणि वाळणे, पुन्हा भिजणे आणि पुन्हा वाळणे. गळका स्लॅब नेमके हेच करत असतो. समुद्रकाठच्या गावांत आणि शहरांत खारी हवा त्यात भर घालते, कारण क्लोराइडचे कण कार्बोनेशनची वाट न पाहता तो संरक्षक थर थेट भेदतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते. काँक्रीट दाब सोसण्यात पटाईत, ताण सोसण्यात दुबळे. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. त्यामुळे फुगणारी सळई त्याला आतून फोडते. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग, मग तांबूस डाग, मग खालचा पापुद्रा सुटतो.

छताचा असा पापुद्रा झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळल्याच्या बातम्या मुंबई-ठाण्याच्या परिसरातून पावसाळ्यात येतच असतात. तो सुटण्याआधी बहुधा सूचना देतो. झाडूच्या दांड्याने छत हलकेच ठोकून पाहावे. घट्ट भाग खणखणीत वाजतो, सुटत आलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तर त्याखालची खाट त्याच दिवशी सरकवावी आणि जाणत्या माणसाला बोलवावे.

एक पान आणि तीस हजार लिटर

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो मुंबईत वा कोकणात एखाद्या जोरकस दिवशी सहज होतो, तर गच्चीवर तीस हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे तीन टँकर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. हे सगळे पाणी उतरून जाण्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यांत हातभर रुंदीचीही नसलेली तीन-चार तोंडे असतात. त्यांतल्या एकावर बदामाच्या झाडाचे एखादे मोठे पान, प्लास्टिकची पिशवी किंवा पतंग येऊन बसला की पुरे. दहा सेंटिमीटर साचलेले पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन आणि भेगा शोधायला त्या पाण्याला मिळालेला निवांत वेळ.

तेव्हा घर गळू नये यासाठी करायच्या कामांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम झाडूचे आहे. मेच्या अखेरीस गच्ची झाडून घ्यायची, पाइपांच्या तोंडावरची जाळी काढून धुवायची, तुटली असेल तर नवी बसवायची. मग प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओतायचे आणि खाली उतरून ते तितक्याच जोमाने बाहेर येते का ते पाहायचे. पावसाळ्यात हीच फेरी पंधरा दिवसांनी एकदा. गच्चीवर ठेवलेल्या जुन्या खुर्च्या, उरलेल्या फरशा, सोडून गेलेल्या भाडेकरूचे कपाट यांच्याखाली पाणी अडते आणि कोबा सतत ओला राहतो. तो संसार खाली उतरवणे हे सेक्रेटरीच्या धैर्याचे काम असते, पण करायला हवे.

गच्चीचा ढाळ बरोबर आहे का, हे पहिल्याच मोठ्या सरीनंतर कळते. पाऊस थांबून काही तास झाले तरी जिथे डबके उरते, तिथे कोबा बसलेला आहे. खडूने त्याच्याभोवती रेघ मारून ठेवावी. कोबा आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई दिलेली असते, तिला कारागीर ‘वाटा’ म्हणतात. गच्चीच्या गळतीचा उगम पुष्कळदा कोब्याच्या मध्यात नसतो, या वाट्याला गेलेल्या केसासारख्या भेगेत असतो. उन्हात स्लॅब प्रसरण पावतो, पहिल्या पावसाने एकदम गार होतो, आणि हा सांधा दरवर्षी थोडा थोडा उघडत जातो. वेळीच भरला तर दोन-चार हजारांत भागते. न भरता आठ-दहा वर्षे काढली तर सगळा कोबा उखडावा लागतो. टीव्हीची तार, सोलर हीटरचे पाइप, डिशच्या नळीसाठी कुणी तरी ड्रिलने पाडलेली भोके हीदेखील याच जातीची.

बाहेरच्या भिंतींचा शत्रू पिंपळ. पक्षी पिंपळाची, वडाची, उंबराची फळे खातात, बी विष्ठेतून पाइपाच्या मागे किंवा सज्ज्याच्या बेचक्यात पडते आणि चिमूटभर धुळीवर रुजते. चार पाने दिसू लागतात तेव्हा मूळ भेगेत चांगले हातभर शिरलेले असते. पालिकेच्या किंवा सोसायटीच्या माणसाने वरून फांदी तोडली की सगळ्यांना समाधान वाटते, पण पुढच्या वर्षी तिथेच दोन फांद्या येतात. रोप बोटाएवढे असतानाच, पाऊस पडून भिंत मऊ झालेली असताना मुळासकट उपटावे आणि भेग लगेच बुजवावी. मूळ मनगटाएवढे झाले की गिलावा फोडल्याशिवाय ते निघत नाही.

विदर्भात पावसापेक्षा उन्हाळाच घर भिजवतो. खिडकीत बसवलेला कूलर चार महिने चालतो, टाकी भरताना सांडते, गळकी टाकी थेंब थेंब खिडकीखालच्या भिंतीला देत राहते आणि जूनमध्ये कूलर काढला की मागची भिंत हिरवी निघते. मोठ्या शहरांत तेच काम एसीची पाण्याची नळी करते. दमट हवेत एक एसी दिवसाला काही लिटर पाणी हवेतून काढतो, आणि ती नळी शेजाऱ्याच्या सज्ज्यावर मोकळी सोडलेली असते.

न्हाणीघर मात्र बाराही महिने गळते. छतावरचा डाग पावसाळ्यात वाढतो आणि एप्रिलमध्ये सुकतो, तर दोष गच्चीकडे किंवा बाहेरच्या भिंतीकडे. तो उन्हाळ्यातही तसाच ओला राहतो, तर वरच्या मजल्यावरच्या पाइपांकडे किंवा न्हाणीकडे पाहावे. हा एवढा साधा फरक लक्षात न घेता गच्चीवर लाखभर रुपये घालून बसलेल्या सोसायट्या आहेत. न्हाणीघरात फरशांच्या सांध्यांमधला माल झिजतो, नहाणीच्या कडेची फट उघडते, आम्लयुक्त द्रवाने फरशी पांढरी शुभ्र घासण्याची हौस त्या सांध्यांना आणखी खाते. दर दोन-तीन वर्षांनी सांधे खरवडून भरून घेणे हे एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. ते टाळल्यावर पुढे फरशा, खालची भरणी आणि खालच्या शेजाऱ्याचे छत असा सगळा खर्च अंगावर येतो.

गळती शोधण्याची काही घरगुती तंत्रे आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. मध्ये कुणी पाणी वापरले नाही आणि तरी सकाळी आकडा पुढे सरकला असेल, तर कुठे तरी पाणी मुरते आहे, अगदी शब्दशः. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबायचे. भांड्यात निळी छटा उतरली तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतो. थेंबाथेंबाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून अधिक. वर्षाला दीड हजार लिटरांच्या पुढे. नळाचा वायसर किती रुपयांना मिळतो, हे वेगळे सांगायला नको.

भिंतीवरची ओल आतून येते की हवेतून, हेही तपासता येते. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवसांनी पाहायचे. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवाच गार भिंतीवर निथळते आहे. तिथे जलरोधक रसायनांचा काही उपयोग नाही, खिडकी उघडायला आणि पंखा लावायला हवा. भिंतीवर आलेली पांढरी भुकटी म्हणजे बहुधा लोणा. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला आणि ती विरघळली तर लोणा. न विरघळता तशीच केसाळ, काळपट किंवा हिरवट राहिली तर बुरशी.

श्वासाचा प्रश्न

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. घरातही आणि बाहेरही. ते रुजायला फक्त ओल लागते. खायला रंगातला डिंक, पुठ्ठा, लाकडी भुसा, कपड्यांवरची धूळ यांपैकी काहीही चालते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी बहुधा धरत नाही, त्यानंतर तिचे फावते. भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या मागे, गादीखाली, पोटमाळ्यावरच्या खोक्यांत हवा खेळत नाही, म्हणून कुबट वास तिथून सुरू होतो. नाकाला हा वास डोळ्यांना डाग दिसण्याच्या बराच आधी कळतो. पण त्या घरात राहणाऱ्यांचे नाक त्याला सरावलेले असते. पाहुणा काही बोलला तर त्याचा राग न मानता कपाट सरकवून पाहावे.

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००४मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९मध्ये ओल्या घरांविषयीच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, नाक-घशाच्या तक्रारी आणि दम्याचे झटके अधिक आढळतात, हा दोन्हींचा निष्कर्ष. नेमका कोणता घटक जबाबदार, बीजाणू, त्यांचे तुकडे, ओलीत वाढणारे जिवाणू की धुळीतले किडे, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण घर कोरडे करण्याने फायदा होतो, हे सांगायला ते वेगळे काढण्याची गरज नाही. दमा असलेल्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत अस्परजिलस या बुरशीची तीव्र अ‍ॅलर्जी तयार होते. दम्याची औषधे नियमित घेऊनही आराम पडत नसेल, तर डॉक्टर हीदेखील शक्यता तपासतात. अशा वेळी ‘घरात ओल आहे का’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी रुग्णाने सांगायला हवे.

याहून कमी ऐकलेला आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासावाटे आत जाणाऱ्या सेंद्रिय कणांविरुद्ध फुप्फुसाच्या ऊतींत सूज येते, ती वर्षानुवर्षे राहिली तर फुप्फुस कडक होते आणि तो कडकपणा मागे फिरत नाही. फुप्फुसाच्या अशा आजारांची भारतातील एक मोठी नोंदणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांचे निदान हेच निघाले आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या घरी कूलरचा वापर होता. कूलरनेच आजार झाला असे यावरून सिद्ध होत नाही. पण कुजलेला वाळा किंवा लाकडी भुशाची पॅड हंगामाच्या सुरुवातीला बदलणे, टाकी आठवड्याला रिकामी करून घासणे, हे करायला त्या सिद्धतेची वाट पाहण्याचे कारण नाही.

समाजमाध्यमांवर ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून जी भीती घातली जाते, ती बाजूला ठेवलेली बरी. बुरशीच्या रंगावरून तिचा उपद्रव ठरत नाही आणि घरगुती बुरशीची प्रयोगशाळेत महागडी चाचणी करून फारसे काही हाती लागत नाही. जात कोणतीही असो, उपाय एकच आहे: पाण्याचा उगम बंद करणे आणि बुरशी काढणे. काढताना कोरड्या ब्रशने खरवडू नये, बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी; साबणाच्या पाण्याने ओले करून पुसावे आणि फडके फेकून द्यावे. दम्याच्या रुग्णाने आणि लहान मुलांनी त्या वेळी खोलीत थांबू नये. ब्लीच वापरायचेच असेल तर ते संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. भिजून बुरशी धरलेली गादी, उशी, पुठ्ठ्याचे खोके वाचवण्याचा मोह टाळावा.

साचलेल्या पाण्याचा दुसरा धोका डासांचा. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला गच्चीवरचे डबके, कुंडीखालची ताटली, उघडी राहिलेली टाकी पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही, कडा घासावी लागते.

आणि वीज. ओल्या भिंतीतल्या स्विचबोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार पावसाळ्यात फार सहजपणे सांगितली जाते आणि तितक्याच सहजपणे सोडून दिली जाते. तो इशारा आहे. त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवायचे, भिंत वाळेपर्यंत तो बोर्ड वापरायचा नाही. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्यायचा आणि असेल तर त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो का ते पाहायचे. ते बटण अनेक घरांत बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेले नसते.

रंगाखाली झाकलेले

गळतीवर लोकप्रिय उपाय दोन: आतून रंग आणि वरून पत्रा. आतून पुट्टी भरून महागडा रंग दिला की दिवाळीपर्यंत भिंत देखणी दिसते. पाणी मात्र भिंतीत कोंडलेलेच असते, ते दुसरीकडे वाट शोधते आणि पुढच्या श्रावणात रंगासकट बाहेर येते. ज्या बाजूने पाणी शिरते त्या बाजूने ते थांबवायचे, हा नियम साधा आहे. पण ती बाजू बहुधा दुसऱ्याच्या ताब्यात असते, म्हणून रंगाचा खर्च आधी होतो. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांत याचा आणखी एक प्रकार दिसतो. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि उन्हात परत सोडतो. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल आतच अडकते, आणि शंभर वर्षे उभी राहिलेली भिंत त्यानंतर लवकर खचू लागते. तिथे दुरुस्तीही चुन्यानेच करायला हवी.

गच्चीवरची पत्र्याची शेड छत्रीचे काम करते, हे खरे. मात्र तिला परवानगी लागते, आणि खालचा स्लॅब आधीच गंजलेला असेल तर ती तो फक्त नजरेआड करते.

खर्चाबाबत डी सिटर या डच अभियंत्याने १९८०च्या दशकात ‘पाचाचा नियम’ मांडला होता. बांधकाम करताना जे एका रुपयात झाले असते, ते गंज सुरू होण्याआधी देखभालीत पाच रुपयांना पडते, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीत पंचवीस आणि दुर्लक्षच केले तर सव्वाशे. हा काही काटेकोर हिशेब नाही, अंदाज आहे. पण मोठ्या दुरुस्तीच्या निविदा पाहिलेल्यांना तो अतिशयोक्त वाटत नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत यासाठी तरतूद आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा करायचा असतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. पावसाची गळती, गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप ही संस्थेची जबाबदारी. घरातल्या जोडण्या आणि न्हाणीघर सभासदाचे. कागदावर हे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरचा मालक परदेशी असतो, भाडेकरू दार उघडत नाही, आणि तळमजल्यावरचे लोक गच्चीच्या वर्गणीला हात आखडता घेतात. त्यांना गळतीचा त्रास नाही हे खरे, पण गंजणारे खांब त्यांच्याच खोल्यांतून वर गेलेले असतात, हे सभेत कुणी तरी उठून सांगायला हवे.

कामाची वेळ बहुतेक जण चुकवतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदार शोधायला निघाले की मिळेल तो, मागेल त्या भावाने घ्यावा लागतो. शिवाय सिमेंटच्या कामाला आठवडाभर तरी पाणी मारून मुरू द्यावे लागते, आणि त्यावर रंग किंवा जलरोधक लेप द्यायचा तर पृष्ठभाग पुरता वाळलेला लागतो. घाईत ओल्यावर दिलेला लेप फोडांसारखा फुगून येतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ यासाठी चांगला. भिंती वाळलेल्या, कारागीर मोकळे, ऊन बेताचे. काम झाले की गच्चीची पाण्याची तोंडे बंद करून, एक ते दोन दिवस चार बोटे पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्या घरांची छते पाहायची. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, हे करारातच लिहून घ्यावे.

तोवर चालू पावसाळ्यात दुरुस्ती होत नाही, पण नोंद होते. छतावर डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. पुढच्या जोरदार पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर नवी रेघ, नवी तारीख. मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. वरच्या घरी पाहुणे आलेले असताना डाग वाढला, की चार दिवसांच्या संततधारेत वाढला, हे या तारखांवरून कळते. नोव्हेंबरमध्ये अभियंता येतो तेव्हा छत कोरडे असते, डाग फिकट झालेला असतो आणि घरमालकाला ‘जुलैत खूप गळत होते’ एवढेच आठवत असते. पेन्सिलच्या रेघा मात्र तिथेच असतात.